काचेच्या नळीतलं पटल: लिपिड आणि प्रथिनांच्या प्रयोगांत नव्यानं येणाऱ्यांसाठी

लाल रक्तपेशींमधलं सगळं लिपिड, म्हणजे पाण्यात रमणारं डोकं आणि तेलकट शेपट्या असलेले मेदासारखे रेणू, बाहेर काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीनं पसरलं तर ते किती जागा व्यापेल? १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी नेमकं हेच करून पाहिलं. व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरली आणि त्यावरून पेशीपटल, म्हणजे पेशीचं आवरण, दोन थरांचं असतं हा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष बरोबर होता, पण मोजणीत दोन चुका होत्या. लिपिड पूर्ण निघालं नव्हतं आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं, म्हणून उत्तर दुप्पट आलं.

आपल्या चुका अशा सोयीनं एकमेकींना खोडतील याचा भरवसा नाही. या कामात नव्यानं येणारे बहुतेक जण प्रथिनाकडून येतात. प्रथिन शुद्ध करायला त्यांनी महिने घातलेले असतात आणि लिपिड ही त्यांच्या लेखी बाटलीतून घ्यायची एक सामग्री असते. मग विचित्र निकाल आला की सगळे प्रथिनाकडेच संशयानं पाहतात. माझा अनुभव उलटा आहे. गोंधळ बहुतेक वेळा पटलात असतो. म्हणून खालचा निम्मा मजकूर प्रथिन नळीत पडण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

आधी प्रश्न, मग पटल

कृत्रिम पटलं अनेक प्रकारची आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रथिन चिकटतं का आणि किती, एवढंच विचारायचं असेल तर साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचे एकपदरी लिपोसोम, म्हणजे लिपिडच्या दुहेरी थराचे पोकळ गोळे, घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली पटलावर काय घडतं ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर दहा-वीस मायक्रोमीटरचे महाकाय लिपोसोम लागतात. प्रथिन पटलात किती जोरानं घुसतं हे पाण्यावरच्या एकेरी थरावर छान मोजता येतं. त्या थराचा दाब मीटरला ३० ते ३५ मिलिन्यूटन ठेवला की त्याची दाटी खऱ्या दुहेरी थराच्या जवळ जाते, आणि त्याहून कमी दाबाला दिसलेली घुसखोरी पेशीबद्दल फारसं सांगत नाही. काचेवर किंवा सिलिकावर पसरलेला थर पृष्ठभागावरच्या मोजणीसाठी आणि नॅनोडिस्क, म्हणजे प्रथिनाच्या पट्ट्यानं वेढलेली पटलाची चकती, एकेकट्या पटल-प्रथिनासाठी.

सुरुवात महाकाय लिपोसोमपासून करू नका. त्यांची चित्रं देखणी असतात, पण आकडे काढायला ते अवघड आहेत. १०० नॅनोमीटरवर हात बसला की बाकीचं सोपं जातं.

मिश्रण ठरवताना

पहिल्या प्रयोगाला दोनच मिश्रणं पुरतात. एक निव्वळ पीओपीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन प्रकारचं लिपिड) आणि दुसरं ८० टक्के पीओपीसी व २० टक्के पीओपीएस (फॉस्फॅटिडिलसेरिन, थोडक्यात पीएस, प्रकारचं). पीओपीसीच्या डोक्यावर निव्वळ भार शून्य असतो, पीओपीएसवर एक ऋणभार. पहिलं मिश्रण तटस्थ पटलाचं आणि दुसरं पेशीच्या आतल्या बाजूला असणाऱ्या ऋणभारित पटलाचं ढोबळ रूप.

टक्के नेहमी मोलमध्ये धरा, वजनात कधीच नाही. कोलेस्टेरॉलचं रेणुभार ३८७ आहे आणि पीओपीसीचं ७६०, म्हणजे समान वजन घेतलं तर कोलेस्टेरॉलचे रेणू जवळपास दुप्पट पडतात. ही चूक कागदावर दिसत नाही, निकालात दिसते.

दुसरी गोष्ट तापमानाची. प्रत्येक लिपिडचं एक संक्रमण तापमान असतं. त्याच्या खाली शेपट्या ताठ होऊन थर घट्ट होतो, वर तो तरल असतो. पीओपीसीसाठी ते उणे २ अंश सेल्सिअस, डीओपीसीसाठी उणे १७ आणि डीपीपीसीसाठी ४१; या दोन्हींचं डोकं पीओपीसीचंच, फक्त शेपट्या वेगळ्या. खोलीच्या तापमानाला पीओपीसीवर चिकटलेलं प्रथिन डीपीपीसीवर चिकटलं नाही, तर तो फरक शेपट्यांच्या रसायनाचा नसून घट्टपणाचा असू शकतो.

फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल बिसफॉस्फेट, म्हणजे पीआयपी-२ हे लिपिड, वापरायचं असेल तर जास्त जपा. साध्या क्लोरोफॉर्ममध्ये ते नीट विरघळत नाही. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी २०:९:१ या प्रमाणात घ्यावं लागतं. मिश्रणात ते एक ते पाच टक्केच ठेवा.

लिपोसोम बनवणं

समजा १ मिलिलिटर, एकूण ५ मिलिमोलर लिपिड हवं आहे. म्हणजे ४ मायक्रोमोल पीओपीसी, सुमारे ३.०४ मिलिग्रॅम, आणि १ मायक्रोमोल पीओपीएसचा सोडियम क्षार, सुमारे ०.७८ मिलिग्रॅम.

१. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड काचेच्या सिरिंजनं घ्या आणि काचेच्याच भांड्यात घाला. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं. प्लास्टिकच्या टिपमधून क्लोरोफॉर्म घेतला की प्लास्टिकमधली द्रव्यं विरघळून तुमच्या पटलात येतात. बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

२. नायट्रोजनच्या हलक्या झोतात, भांडं फिरवत, क्लोरोफॉर्म उडवा. तळाला पातळ, एकसारखा थर बसायला हवा. जाड गोळा झाला तर थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये पुन्हा विरघळवून परत वाळवा. हा वेळ वाया जात नाही.

३. निर्वात पंपावर निदान दोन तास ठेवा. रात्रभर ठेवलं तर उत्तमच. उरलेला क्लोरोफॉर्म पटल सैल करतो.

४. बफर (आम्लता कायम ठेवणारं पाण्याचं द्रावण) घाला, अर्धा-एक तास अधूनमधून घुसळा. सगळ्यांत जास्त संक्रमण तापमान असलेल्या लिपिडच्या वर राहून हे करायचं. पीओपीसीला खोलीचं तापमान चालतं, डीपीपीसी असेल तर ५० अंशांच्या आसपास.

५. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, कोमट पाण्यात वितळवा. असं पाच ते दहा वेळा. कांद्यासारखे अनेकपदरी गोळे यानं फुटतात.

६. १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून एक्स्ट्रूडरनं (दोन सिरिंजांमध्ये फिल्टर धरणाऱ्या साधनानं) ११ किंवा २१ वेळा ढकला. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे शेवटी द्रव पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि एकदाही फिल्टरमधून न गेलेले गोळे मागे राहतात. सुरुवातीला दुधासारखं दिसणारं द्रावण शेवटी निळसर, अर्धपारदर्शक होतं. ते झालं नाही तर फिल्टर फाटला आहे असं समजा.

असंपृक्त शेपट्यांची लिपिडं हवेनं ऑक्सिडाइझ होतात. बाटलीत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरून उणे २० अंशांना किंवा त्याखाली ठेवा. तयार लिपोसोम मात्र गोठवू नका. ४ अंशांना ठेवून काही दिवसांत संपवा.

पटल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रकाश-विखुरणावर आधारित आकारमोजणी करा. व्यास १०० ते १३० नॅनोमीटरच्या दरम्यान आणि विविधतेचा निर्देशांक (आकार किती विखुरलेले आहेत याचं माप) ०.१ च्या जवळ किंवा खाली असेल तर समाधान माना.

मग लिपिड खरंच किती उरलं ते मोजा. एक्स्ट्रूडरमध्ये काही लिपिड अडकून राहतंच, त्यामुळे घातलं तेवढंच आहे असं धरणं चुकीचं. फॉस्फेटची मोजणी ही जुनी पण खात्रीची पद्धत आहे: लिपिड आम्लात जाळायचं, सुटलेल्या फॉस्फेटला मॉलिब्डेटनं निळा रंग आणायचा आणि तो मोजायचा. अर्थात तुमचा बफरच फॉस्फेटचा असेल तर ही मोजणी निरुपयोगी. हेपिस किंवा ट्रिस हे फॉस्फेट नसलेले बफर वापरा. कोलेस्टेरॉलमध्ये फॉस्फेट नसतं, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

फॉस्फेट बफर टाळायचं आणखी एक कारण मला चांगलंच लक्षात आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी ऍनेक्सिन ए-५ हे कॅल्शियमच्या मदतीनं ऋणभारित पटलाला चिकटणारं प्रथिन घेऊन काम करत होतो. बफर फॉस्फेटचा होता आणि त्यात मी कॅल्शियम घातलं. प्रत्येक नळीत गाळ बसला, प्रथिनही गाळातच आढळलं, आणि बंधन जोरदार आहे असं मी वहीत लिहिलं. लिपिड नसलेली नळी मी लावलीच नव्हती. दोन आठवड्यांनी लावली तेव्हा तिच्यातही तोच गाळ होता: कॅल्शियम फॉस्फेटचा, आणि त्यात ओढलं गेलेलं प्रथिन. तेव्हापासून लिपिडशिवायची नळी मी पहिली भरतो.

एक हिशेब, जो सगळ्यांनी एकदा हातानं करावा

१०० नॅनोमीटर व्यासाच्या लिपोसोमचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ३१,४०० चौरस नॅनोमीटर. पटलाची जाडी ४ नॅनोमीटर धरली तर आतला पृष्ठभाग सुमारे २६,६००. एका लिपिड रेणूला साधारण ०.७ चौरस नॅनोमीटर जागा लागते. म्हणजे एका लिपोसोममध्ये सुमारे ८३,००० रेणू, आणि त्यांपैकी अर्ध्याहून थोडेच जास्त बाहेरच्या थरात.

यातून दोन गोष्टी हाती येतात. १ मिलिमोलर लिपिडमध्ये लिपोसोमची संहती फक्त १२ नॅनोमोलर असते. आणि प्रथिन बाहेरून घातलं तर त्याला निम्मंच लिपिड दिसतं, म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर बाहेरच्या थरातलंच लिपिड घ्यायला हवं. आता जागेचं पाहा. ४ नॅनोमीटर रुंदीचं गोल प्रथिन पटलावर बसलं की सुमारे १८ लिपिड झाकतं. १ मायक्रोमोलर प्रथिन आणि ५० मायक्रोमोलर एकूण लिपिड असेल तर प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला बाहेरचे २७ रेणू येतात. पटल जवळजवळ झाकलं गेलं! अशा ठिकाणी आलेख सपाट झाला तर ते गर्दीचं लक्षण असतं, ओढीचं माप त्यातून मिळत नाही.

पहिला बंधन-प्रयोग

सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग म्हणजे लिपोसोम खाली बसवायचे आणि प्रथिन कुठे गेलं ते पाहायचं. साधे १०० नॅनोमीटरचे लिपोसोम सहजी बसत नाहीत. त्यामुळे ते सुक्रोजच्या द्रावणात बनवा आणि मग बाहेरचं द्रावण तेवढ्याच ऑस्मोलॅरिटीच्या (विरघळलेल्या कणांच्या एकूण संहतीच्या) मिठाच्या बफरनं बदला. आत जड सुक्रोज राहिल्यामुळे अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी ला, म्हणजे गुरुत्वाच्या लाखपट जोरानं, फिरवल्यावर तासाभरात ते तळाशी जातात.

प्रथिन ०.५ मायक्रोमोलरवर कायम ठेवा आणि लिपिड ०.०५ पासून २ मिलिमोलरपर्यंत वाढवत न्या. अल्ट्रासेंट्रिफ्यूजनंतर वरचा द्रव आणि तळाचा गाळ दोन्ही, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर लावा. दोन्हींची बेरीज घातलेल्या प्रथिनाइतकी यायलाच हवी. कमी आली तर प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटलं आहे. सोबत लिपिड नसलेली नळी आणि निव्वळ पीओपीसीची नळी. आणि ज्याची वागणूक माहीत आहे असं एखादं प्रथिन: ऍनेक्सिन ए-५ कॅल्शियमसह पीएसला चिकटतं आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए घातलं की सुटतं, फॉस्फोलिपेज सी-डेल्टा १ चा पीएच (प्लेक्स्ट्रिन होमोलॉजी) भाग पीआयपी-२ ला धरतो, कॉलरा टॉक्सिनचा बी भाग जीएम-१ या साखरयुक्त लिपिडला. ओळखीचं प्रथिनच नीट चिकटत नसेल तर तुमच्या प्रथिनाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

आलेल्या आकड्यांवरून चिकटलेल्या प्रथिनाचं प्रमाण काढा आणि ते लिपिडच्या संहतीशी मांडा. अर्धं प्रथिन ज्या लिपिड संहतीला चिकटतं तो आकडा तुलनेला पुरेसा असतो. त्याला लगेच वियोजन स्थिरांक (ठरलेल्या जागेशी बंधन किती घट्ट आहे याचा आकडा) म्हणू नका. एंझाइमला कप्पा असतो, पटलाला तसे ठरलेले कप्पे नसतात. प्रथिन पाणी आणि पटल या दोन अवस्थांमध्ये वाटलं जातं आणि वाटणीचा गुणांक हीच इथली खरी राशी आहे. पीआयपी-२ सारख्या एका विशिष्ट डोक्याला एकास एक धरणारा भाग असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करावं लागतं.

चिकटलं, पण कशामुळे?

मला या क्षेत्रात सगळ्यांत जास्त आवडणारा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर महागड्या यंत्राशिवाय बरंचसं मिळतं.

पहिली चाचणी मिठाची. १०० मिलिमोलर मिठात विद्युतभाराचा प्रभाव सुमारे १ नॅनोमीटरवर विरतो, ५०० मिलिमोलरमध्ये ०.४ नॅनोमीटरवर. मीठ वाढवल्यावर प्रथिन सुटलं तर ओढ मुख्यतः विद्युतभाराची होती. धनभारित सायटोक्रोम सी कार्डिओलिपिन या ऋणभारित लिपिडला असंच धरतं आणि मिठानं बरंचसं सुटतं. मात्र लिपोसोमच्या आत आणि बाहेर ऑस्मोलॅरिटी सारखी ठेवा, नाहीतर ते आक्रसतात आणि तुम्ही दुसरंच काही मोजता.

दुसरी चाचणी डोकं बदलण्याची. पीएसच्या जागी तेवढंच पीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) घाला. दोन्हींवर एकेक ऋणभार. प्रथिनाला दोन्ही सारखेच चालले तर त्याला फक्त भार हवा आहे, पीएसला पसंती दिली तर त्याला डोक्याचा आकार ओळखता येतो. पीआयपी-२ वर साधारण चार ऋणभार असतात, म्हणून २ टक्के पीआयपी-२ ची तुलना ८ टक्के पीएसशी करा, २ टक्क्यांशी नाही. ही तुलना न करता पीआयपी-२ ची विशेष ओढ सापडल्याचा दावा मी मान्य करत नाही.

तिसरी, प्रथिन किती खोल रुतलं? त्यात ट्रिप्टोफॅन हे चमकणारं अमिनो आम्ल असेल तर सोय आहे. २९५ नॅनोमीटरच्या प्रकाशानं ते चेतवलं की पाण्यात त्याचा प्रकाश ३५० नॅनोमीटरच्या आसपास येतो, आणि पटलाच्या तेलकट भागात शिरलं की तो ३३० कडे सरकतो. लिपोसोम स्वतः प्रकाश विखुरतात, तेव्हा प्रथिन नसलेल्या लिपोसोमचं मापन वजा करायला विसरू नका. शिखर अजिबात हललं नाही तर ट्रिप्टोफॅन पाण्यातच राहिला आहे, प्रथिन मात्र पृष्ठभागावर चिकटलेलं असू शकतं.

चौथी, पटल फुटतं का? लिपोसोममध्ये कार्बॉक्सिफ्लुओरेसिन हे चमकणारं रंगद्रव्य ५० मिलिमोलर किंवा त्याहून जास्त भरा. इतक्या दाटीत ते स्वतःचाच प्रकाश दाबतं. पटलाला भोक पडलं की ते बाहेर येऊन विरळ होतं आणि प्रकाश एकदम वाढतो. शेवटी ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून सगळे लिपोसोम विरघळवा, तो प्रकाश १०० टक्के गळती धरा. ओळखीचा नमुना म्हणून मधमाशीच्या विषातलं मेलिटिन वापरतात. २६ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी पीओपीसी लिपोसोमही सहज फोडते.

वक्रतेकडेही लक्ष द्या. सोनिकेशननं, म्हणजे अतिध्वनीनं, बनवलेल्या ३० नॅनोमीटरच्या लिपोसोममध्ये बाहेरचा थर इतका ताणलेला असतो की डोक्यांच्या मध्ये तेलकट फटी उघड्या पडतात. काही प्रथिनांची एका बाजूनं जलविरोधी असलेली हेलिक्स (साखळीची मळसूत्रासारखी गुंडाळी) या फटींत बसते. अल्फा-सायन्यूक्लिन मोकळ्या पाण्यात जवळजवळ आकारहीन असतं, पण ऋणभारित पटलावर, त्यातही लहान लिपोसोमवर, हेलिक्स होऊन पसरतं. म्हणून दोन बॅचमध्ये आकार वेगळा असेल तर त्यांची तुलना करू नका.

महाकाय लिपोसोम, थोडक्यात

१९८६ मध्ये अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांनी विद्युतक्षेत्रात हे लिपोसोम वाढवायची रीत दाखवली. विद्युतवाहक थर असलेल्या काचेवर लिपिड वाळवायचं, सुक्रोजचं द्रावण भरायचं, १० हर्ट्झचा एक-दोन व्होल्टचा प्रवाह दोनेक तास द्यायचा. मग समान ऑस्मोलॅरिटीच्या ग्लुकोजमध्ये सोडले की ते जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि स्पष्ट दिसतात. डीओपीसी, डीपीपीसी आणि कोलेस्टेरॉल सारख्या प्रमाणात घेतले तर खोलीच्या तापमानाला पटलावर दोन प्रकारचे तरल भाग वेगळे होतात, आणि तुमचं प्रथिन कोणत्या भागात जातं ते दिसतं. वाढवताना तापमान ५० ते ६० अंश ठेवा. आणि दिवा कमी ठेवा. रंगद्रव्यावर जोरदार प्रकाश पडला की लिपिड ऑक्सिडाइझ होऊन नसलेले भाग निर्माण होतात, आणि पाहणाऱ्याला ते प्रथिनाचं काम वाटतं.

पटल ओलांडणारी प्रथिनं

इथे प्रथिन आधी डिटर्जंटमध्ये असतं. त्याला लिपिडमध्ये बसवायचं आणि डिटर्जंट काढून घ्यायचं. ऑक्टिल ग्लुकोसाइड या डिटर्जंटची मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे गोळे) होण्याची संहती सुमारे २० ते २५ मिलिमोलर आहे, डोडेसिल माल्टोसाइडची ०.१७ च्या आसपास. पहिलं डायलिसिसनं निघून जातं, दुसरं चिवटपणे राहतं, त्याला पॉलिस्टायरीनचे मणी लागतात.

लिपिड इथे प्रथिनाला वेढून बसतं. स्नायूंतल्या कॅल्शियम पंपाभोवती सुमारे ३० लिपिड रेणूंचं कडं असतं. पटलाचा तेलकट भाग प्रथिनाच्या तेलकट पट्ट्यापेक्षा पातळ किंवा जाड असेल तर लिपिड ताणलं जातं, दबतं किंवा प्रथिन तिरकं होतं. १९८४ मध्ये माउरित्सन आणि ब्लूम यांनी या विजोडपणाचा हिशेब गादीच्या प्रतिमेतून मांडला होता. तुमचा पंप चालत नसेल तर शेपट्यांची लांबी बदलून पाहा: १४, १६, १८, २० कार्बनची लिपिडं घेऊन एकच मोजणी. काहींना ठरावीक डोकंही लागतं. १९९८ मध्ये ज्याची रचना उलगडली त्या केसीएसए या पोटॅशियम मार्गिकेला ऋणभारित लिपिडशिवाय नीट उघडता येत नाही.

दिशा तपासा. सुटं प्रथिन लिपोसोममध्ये दोन्हीकडे तोंड करून बसू शकतं. बाहेरून प्रोटिएज घाला आणि किती प्रथिन कापलं जातं ते जेलवर पाहा, मग ट्रायटन घालून पुन्हा तेच करा. दोन्हींतल्या फरकावरून आत लपलेला वाटा कळतो. आणि या सगळ्याच्या शेजारी एक नळी अशी ठेवा की तिच्यात तेच लिपिड, तेच डिटर्जंट, तेच मणी, सगळे टप्पे अगदी तसेच, फक्त प्रथिन नाही. उरलेलं डिटर्जंटही पटल गळवतं, आणि ते गळणं मार्गिका उघडल्यासारखंच दिसतं.